उभ्याने धावणारी जेट स्की आणि तिच्या पोटातला पंप

- प्रतिनिधी

कळंगुट, तारकर्ली किंवा नागावच्या किनाऱ्यावर सुटीच्या दिवशी फेरफटका मारणाऱ्यांना जेट स्की हे वाहन आता नवे राहिलेले नाही. मात्र आपल्याकडे दिसते ती बहुतांशी बसून चालवायची, दोघा-तिघांना सामावून घेणारी जातकुळी. ज्या यंत्रावरून हे नाव रूढ झाले, ते यंत्र मात्र उभ्याने चालवायचे होते, एकट्याने चालवायचे होते आणि त्यावर तोल सांभाळणे हीच त्यातली खरी कसोटी होती. आजही अमेरिका, युरोप, जपान आणि थायलंडमधील शर्यतींत व कसरतींच्या स्पर्धांत या उभ्या जेट स्कीचा दबदबा कायम आहे. या क्षेत्रातील जाणकारांचे बोलणे कान देऊन ऐकले, तर ते इंजिनाइतकेच, किंबहुना काकणभर अधिकच, एका दुर्लक्षित भागाविषयी असते. तो भाग म्हणजे पंप, आणि त्या पंपात गरगर फिरणारा पंखा, अर्थात इम्पेलर.

बोलीभाषेत त्याला प्रोपेलर म्हणतात खरे, परंतु होडीच्या मागे उघड्यावर फिरणाऱ्या प्रोपेलरहून त्याची जात वेगळी आहे. विहिरीवरच्या पंपात जसा इम्पेलर असतो, तसाच हाही चहूबाजूंनी बंदिस्त नळीत फिरतो. तळातील जाळीतून पाणी आत ओढायचे, त्याला दाब द्यायचा आणि मागच्या तोटीतून जोराने बाहेर फेकायचे, इतकेच त्याचे काम. पण ते तो किती चोख करतो, यावर स्पर्धेतील निकालच नव्हे, तर इंजिनाचे आयुष्य आणि चालकाची सुरक्षितताही अवलंबून असते.

न्यूझीलंडच्या उथळ नद्यांपासून

जेटच्या जोरावर होडी चालविण्याची कल्पना जुनी आहे. ती व्यवहारात आणण्याचे श्रेय न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन यांना दिले जाते. दक्षिण बेटावरील नद्या उथळ आणि खडकाळ. तेथे साध्या होडीचा प्रोपेलर दगडावर आपटून मोडणार, हे ठरलेले. हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकात पंप होडीच्या आतच बसविला. सुरुवातीला पाण्याचा झोत तळाखालून सोडला जाई. तोटी मागे नेऊन पाण्याच्या पातळीच्या वर आणली आणि होडीचा वेग वाढला. त्यांच्या पद्धतीच्या जेट होड्यांनी १९६०मध्ये कोलोरॅडो नदीच्या प्रवाहाविरुद्ध जाऊन ग्रँड कॅनियन पार केले.

त्याच दशकात अमेरिकेतील मोटोक्रॉसपटू क्लेटन जेकबसन यांच्या मनात पाण्यावरच्या मोटारसायकलीची कल्पना घोळत होती. धुळीत पडून अंग सोलवटून घेण्यापेक्षा पाण्यात पडलेले काय वाईट, असा सरळ हिशेब त्यामागे होता. कॅनडाच्या बॉम्बार्डिए कंपनीने १९६८मध्ये बसून चालवायचे ‘सी-डू’ काढले. कावासाकीने १९७३मध्ये जेकबसन यांच्या संकल्पनेवरील उभे यंत्र ‘जेट स्की’ या व्यापारी नावाने बाजारात आणले. हे नाव पुढे इतके रुळले, की आज कोणत्याही कंपनीच्या अशा वाहनाला लोक जेट स्कीच म्हणतात; वनस्पती तुपाला जसे आपल्याकडे डालडा म्हणत, तसे. यामाहाने १९९०मध्ये ‘सुपरजेट’ आणली. तिचे १९९४पासूनचे ७०१ घनसेंटिमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन २०२०पर्यंत टिकले आणि २०२१मध्ये तिच्या जागी फोर-स्ट्रोक सुपरजेट आली. कावासाकीनेही २०१७मध्ये दीड लिटरचे फोर-स्ट्रोक इंजिन असलेली ‘एसएक्स-आर’ काढली.

जुन्या सुपरजेटचे वजन सुमारे १३९ किलो, तर नव्या एसएक्स-आरचे अडीचशे किलोच्या घरात. जुनी हलकी यंत्रे घेऊन त्यांवर हात चालविणाऱ्यांचा वर्ग त्यामुळेच आजही मोठा आहे. या लेखातील चर्चा प्रामुख्याने त्यांच्याविषयी आहे.

आठ सेकंदांत एक टाकी

पंपाच्या कामाची कल्पना येण्यासाठी एक साधे गणित करू. समजा, मागच्या तोटीचा व्यास ८० मिलिमीटर आहे आणि त्यातून पाणी सेकंदाला २५ मीटर वेगाने बाहेर पडते आहे. म्हणजे दर सेकंदाला सुमारे १२५ लिटर पाणी त्या तोटीतून जाते. इमारतीच्या गच्चीवरील हजार लिटरची टाकी आठ सेकंदांत रिकामी व्हावी, असा हा प्रवाह आहे! पाण्याला तो वेग देण्यासाठी तोटीपूर्वी पंपात वातावरणाच्या तिप्पट अधिक दाब तयार व्हावा लागतो. हे सारे साधायचे ते तळहाताच्या लांबीहून जेमतेम कमी व्यासाच्या पंख्याने. सुपरजेटच्या मूळ पंपाचा व्यास १४४ मिलिमीटर आहे. इंजिन मिनिटाला ६३०० फेरे घेत असेल, तर त्या पंख्याच्या पात्याचे टोक ताशी १७० किलोमीटर वेगाने फिरत असते.

आता रेटा कसा मिळतो ते पाहू. मागे फेकलेल्या पाण्याचे वस्तुमान आणि त्याच्या वेगात झालेली वाढ यांचा गुणाकार म्हणजे रेटा. त्यात ‘वाढ’ हा शब्द महत्त्वाचा. वाहन स्वतःच सेकंदाला २० मीटरने धावत असेल आणि झोताचा वेग २५ मीटर असेल, तर प्रत्यक्ष उपयोगी पडतो तो पाच मीटरचा फरक. यातूनच पंप जुळविणाऱ्यांपुढचा मूळ पेच निर्माण होतो. थांबलेल्या अवस्थेतून उसळी हवी असेल, तर भरपूर पाणी बेताच्या वेगाने फेकलेले बरे. सर्वोच्च वेग हवा असेल, तर थोडे पाणी पण अधिक वेगाने फेकायला हवे. एकच पंप दोन्ही बाबतींत अव्वल असणे शक्य नाही. विक्रेते काहीही सांगोत.

झोतातील पाणी सरळ मागे जायला हवे, हेही तितकेच महत्त्वाचे. इम्पेलर पाण्याला ढकलतो तसा गरगर फिरवतोही. त्या फिरण्यात गेलेली शक्ती पुढे जाण्याच्या कामी येत नाही. म्हणून इम्पेलरच्या मागे स्थिर पट्ट्यांचा एक कप्पा असतो. त्याला स्टेटर म्हणतात. फिरते पाणी या पट्ट्यांवर आदळून सरळ होते आणि मगच निमुळत्या तोटीत शिरते. स्पर्धेसाठीच्या पंपांत या पट्ट्यांची संख्या वाढवून बारापर्यंत नेलेली दिसते. स्टेटरच्या मागे मध्यभागी एक शंकू असतो. तो झिजला, वेडावाकडा झाला किंवा सैल झाला, तर तेथे भोवरे पडतात.

गिअरपेटी नसलेले वाहन

जेट स्कीला गिअर नसतात. इंजिनाचा दांडा थेट इम्पेलरला जोडलेला असतो. त्यामुळे पात्यांचा तिरपेपणा, म्हणजे पिच, हाच या वाहनाचा एकमेव गिअर. पिच जास्त असेल, तर दर फेऱ्यात अधिक पाणी ढकलले जाते, पण इंजिनावर ओझे पडते. खंबाटकीचा घाट चौथ्या गिअरमध्ये चढू पाहणाऱ्या मोटारीसारखी त्याची गत होते. उलट पिच फारच कमी असेल, तर इंजिन मोकाट सुटते, आवाज गगनाला भिडतो आणि वाहन मात्र पहिल्या गिअरमध्ये द्रुतगती मार्गावर निघाल्यासारखे मागेच राहते.

इम्पेलरवर ‘१३/१८’ किंवा ‘१२/१७’ असे दोन आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा पात्याच्या पुढच्या, पाणी कापणाऱ्या कडेचा कोन सांगतो आणि दुसरा मागच्या कडेचा. पुढे पाणी हळुवार पकडायचे आणि पाते संपेपर्यंत त्याला क्रमाक्रमाने गती द्यायची, हा या वाढत्या पिचमागचा हेतू. एकदम मोठ्या कोनाने पाणी पकडायला गेले, तर ते पात्याच्या पाठीवरून सुटते. तैवानची सोलास आणि कॅलिफोर्नियाची स्कॅट-ट्रॅक या कंपन्यांचे इम्पेलर या वर्तुळात सर्वपरिचित आहेत. मात्र एका कंपनीचा १३/१८ हा दुसऱ्या कंपनीच्या १३/१८सारखाच वागेल, असे समजणे धोक्याचे आहे. पात्यांची लांबी, त्यांची एकमेकांवर येणारी व्याप्ती, मधल्या गड्ड्याची जाडी आणि कोन मोजण्याची पद्धत यांत फरक असतो. हा आकडा बुटाच्या मापासारखा आहे. पाय घालून पाहिल्याविना भरवसा नाही.

पिच ठरविताना खरा पंच एकच, तो म्हणजे टॅकोमीटर. प्रत्येक इंजिन ठरावीक गतीला आपली सर्वाधिक ताकद देते. पूर्ण थ्रॉटल दिल्यावर, सपाट पाण्यावर वाहन जेथे स्थिरावते, तेथे इंजिनाची गती त्या बिंदूच्या आसपास असायला हवी. ती त्याखाली अडखळत असेल, तर पिच कमी करावी. त्यापलीकडे जात असेल, तर वाढवावी. एक-दोन अंशांच्या फरकानेही टॅकोमीटरचा काटा स्पष्टपणे हलतो. पंपाला लागणारी शक्ती इंजिनाच्या गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. तोच पंप ६००० ऐवजी ६६०० फेऱ्यांवर फिरवायचा, म्हणजे गतीत केवळ दहा टक्के वाढ करायची, तर तेहतीस टक्के अधिक शक्ती लागते. नव्या सायलेन्सरने इंजिनाची ताकद पाच टक्के वाढली, म्हणून दोन पायऱ्या वरची पिच बसविणाऱ्यांचा हिरमोड होतो, तो यामुळे.

उंचीचाही विचार करावा लागतो. समुद्रसपाटीपासून दर तीनशे मीटरला साध्या इंजिनाची ताकद सुमारे तीन टक्क्यांनी घटते. समुद्रावर उत्तम चालणारा इम्पेलर एखाद्या डोंगरी सरोवरात जड वाटू लागतो. सुमारे १९०० मीटर उंचीवरील अमेरिकेतील टाहो सरोवरात तर ही घट जवळपास एक पंचमांश होईल. अर्थात तेथे कार्ब्युरेटरच्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांना १९९९पासून बंदीच आहे. न जळलेले इंधन आणि ऑइल थेट पाण्यात सोडणारी ही इंजिने पिण्याच्या पाण्याच्या साठ्यांत नकोत, ही भूमिका कोणाही समंजस माणसाला पटावी.

हवा धरण्याचा आजार

शेतावरच्या विहिरीच्या पंपाने हवा धरली, की मोटार फिरत राहते, पण पाणी येत नाही. ग्रामीण भागाशी नाते असलेल्या कोणालाही हे सांगायला नको. जेट स्कीच्या पंपाचा सर्वांत मोठा आजार हाच. लाटेवर उसळल्याने जाळी पाण्याबाहेर आली, किंवा पंप आणि होडीचा तळ यांच्या सांध्यात फट राहिली, की पाण्यासोबत हवा आत शिरते. इम्पेलरला पकडायला काही उरत नाही, इंजिनाची गती झपकन वाढते आणि पुढच्या क्षणी पाणी परतले, की दांड्याला, कपलिंगला आणि क्रँकला जबर धक्का बसतो. खवळलेल्या पाण्यात शर्यतभर हे शेकडो वेळा घडते.

याच्याशी नेहमी गल्लत केली जाते, ती कॅव्हिटेशनची. त्यात बाहेरची हवा येत नाही. पात्याच्या पाठीवर दाब इतका घसरतो, की तेथले पाणी चक्क उकळते. पंचवीस अंश तापमानाचे पाणी वातावरणाच्या दाबाच्या सुमारे तीन टक्के दाबावर वाफ होते. ही वाफेची बुडबुड्यांची पोकळी जरा पुढे जाऊन अधिक दाबाच्या भागात शिरली, की कोसळते आणि कोसळताना धातूवर सूक्ष्म घाव घालते. पुढची कड खरवडल्यासारखी, खडबडीत झाली असेल, तर हा आजार जुना आहे असे समजावे. थांबलेल्या अवस्थेतून पूर्ण थ्रॉटल दिल्यावर वाहन क्षणभर जागीच घुटमळते आणि मग एकदम झेप घेते, तेही याचेच लक्षण.

दोन्ही आजारांत बाहेरून दिसणारे चिन्ह एकच: इंजिनाचा आवाज वर, वेग खाली. उपचार मात्र वेगळे. हवा येत असेल, तर सांधे बंद करायचे; नवा इम्पेलर घेऊन काही साधत नाही. कॅव्हिटेशन असेल, तर कडा दुरुस्त करायच्या, मोठ्या पंपाचा विचार करायचा किंवा पुढचा कोन सौम्य असलेला इम्पेलर निवडायचा. पैसे खर्चण्यापूर्वी निदान करावे, हा डॉक्टरी नियम येथेही लागू पडतो.

नखाएवढी फट

आमच्या मते या विषयातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे फट मोजणे. इम्पेलरचे टोक आणि त्याभोवतीची कडी यांत नव्या पंपात साधारण ०.२ ते ०.४ मिलिमीटर अंतर असते. ते ०.६ मिलिमीटरपर्यंत पोहोचले, की कडी किंवा इम्पेलर बदलण्याची वेळ आली, असा सर्वसाधारण निकष आहे. कागदाच्या दोन-तीन पानांएवढ्या या फरकाने काय होणार, असे वाटू शकते. पण पात्याच्या एका बाजूला उच्च दाब आणि दुसऱ्या बाजूला कमी दाब असतो. पाणी वाट मिळेल तेथून उलटे वाहते. फट दुप्पट झाली, की गळतीची वाट दुप्पट होते. शिवाय टोकापाशी जो भोवरा तयार होतो, तो शेजारचा चांगला प्रवाहही बिघडवतो. गॅरेजमध्ये वापरतात तो फीलर गेज चार ठिकाणी घालून पाहिला, की पाच मिनिटांत निदान होते. चारही ठिकाणी आकडा वेगळा येत असेल, तर बेअरिंग गेले आहे किंवा पंप सरळ बसलेला नाही.

ही झीज होते मुख्यतः वाळूने. दोन-तीन फुटांहून कमी पाण्यात इंजिन सुरू करू नये, असे उत्पादकांच्या पुस्तिकांत बजावलेले असते. आपल्या किनाऱ्यांवर पर्यटकांना चढविण्या-उतरविण्याच्या घाईत हा नियम किती पाळला जातो, हे किनाऱ्यावर पाच मिनिटे उभे राहणाऱ्याला समजते. वाळू, शिंपल्यांचे तुकडे, जाळ्यांचे दोर आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या हे जेट पंपाचे चार शत्रू आहेत. त्यांना उभी आणि बसकी यांतला फरक कळत नाही.

स्टेनलेस पोलादाचा इम्पेलर किरकोळ घाव सोसतो आणि त्याची वाकलेली कड पुन्हा सरळ करता येते. सुरुवातीच्या जेट स्कींना ॲल्युमिनियमचे इम्पेलर असत. ते लवकर खरवडत. अनुभवी कारागीर पोलादी पात्यांचा कोनही थोडा वाकवून बदलून देतात. पिच एखाद्या अंशाने कमी-जास्त करायची असेल, तर नवा इम्पेलर घेण्यापेक्षा हा मार्ग परवडतो, मात्र तिन्ही पाती काटेकोर सारखी वाकली पाहिजेत. एक पाते वेगळे वागले, तर थरथर सुरू होते आणि तिची किंमत बेअरिंगला मोजावी लागते.

मोठा पंप कोणाला?

एवढे सगळे करूनही समाधान होत नाही, तेव्हा मोठ्या पंपाची चर्चा सुरू होते. १४४ मिलिमीटरऐवजी १४८चा पंप घेतला, तर वर्तुळाचे क्षेत्रफळ साडेपाच टक्क्यांहून थोडे अधिक वाढते. १५५चा घेतला, तर सोळा टक्के. कसरती करणाऱ्या फ्रीस्टाइल चालकांना हा मोठा पंप मानवतो. त्यांना ताशी शंभर किलोमीटर वेग नकोच असतो. लाटेचा आधार न घेता जागच्या जागी यंत्रासह हवेत उलटी कोलांटी मारायची, तर दोन-तीन मीटरच्या अंतरात सगळा जोर मिळाला पाहिजे. म्हणून मोठा पंप, कमी पिच, मोकळी तोटी आणि ताकदवान इंजिन हे त्यांचे गणित. बंदिस्त मार्गावरील शर्यतीत मात्र एका बोयेपासून दुसऱ्या बोयेपर्यंत झटपट वेग पकडायचा आणि लगेच वळायचे असते. तेथे मध्यम पिच आणि खवळलेल्या पाण्यातही न सुटणारी पकड लागते.

मोठा पंप घेणे म्हणजे केवळ चार बोल्ट काढून दुसरा बसविणे नव्हे. तळातील बोगदा जितके पाणी पुरवू शकतो, तितकेच पंप फेकू शकतो. जुन्या सांगाड्यात १५५चा पंप बसवायचा, तर तळ कापून फायबरचे काम करावे लागते. लहान इंजिनाला मोठा पंप जोडला, तर त्याची दमछाक होते. लग्नात वऱ्हाड मोठे आणि पंगत लहान, तशातला हा प्रकार.

जाळीची निवडही येथेच येते. सरळ पट्ट्यांची जाळी सपाट पाण्यावर कमी अडथळा करते. पुढे ओठ काढलेली जाळी लाटांवर उड्या मारताना पाणी ओढून आत घालते, पण सर्वोच्च वेग थोडा कमी करते. किनाऱ्यावरच्या लाटांत खेळणाऱ्याने दुसरी घ्यावी, हे उघड आहे. जाळी अजिबात काढून टाकणारेही असतात. त्यांना वेडे म्हणण्यापलीकडे काही म्हणता येत नाही. ती जाळी दगडांसाठी जितकी आहे, तितकीच ती बोटांसाठी आणि मोकळ्या केसांसाठी आहे.

तोटी कापण्यापूर्वी

तोटीचा व्यास हे जुळणीतील सर्वांत नाजूक प्रकरण. व्यास वाढविला, की पंपावरचा मागचा दाब कमी होतो, इंजिन थोडे मोकळे फिरते, अधिक पाणी जाते आणि बहुधा सुरुवातीची झेप सुधारते. कमी केला, तर झोताचा वेग वाढतो. इंजिनात दम असेल तर वरचा वेग वाढतो, नसेल तर दोन्ही जातात. ८० मिलिमीटरची तोटी ८२ केली, तर क्षेत्रफळात पाच टक्के फरक पडतो. म्हणजे दोन मिलिमीटर ही चैन आहे. लेथवर एका वेळी एक मिलिमीटरच कापावा आणि पाण्यावर जाऊन पाहावे. शिंप्याने जास्त कापलेले कापड जोडता येत नाही, तसेच हेही. फार मोठी तोटी केल्यास पंपातला दाब इतका घसरतो, की कॅव्हिटेशन नव्याने सुरू होते आणि मालक दोष इम्पेलरला देत बसतो.

क्रमाचेही एक तारतम्य आहे. आधी पंप निरोगी करावा: फट, बेअरिंग, सांध्यांची सीलबंदी, पात्यांच्या कडा. मग आहे त्याच स्थितीत, भरलेल्या टाकीने आणि नेहमीच्या चालकाने, सपाट पाण्यावर इंजिनाची सर्वोच्च गती आणि जीपीएसवरचा वेग टिपावा. दोन्ही दिशांना, कारण वारा आणि प्रवाह फसवतात. त्यानंतर एका वेळी एकच बदल. इम्पेलर, तोटी आणि जाळी एकाच रविवारी बदलणाऱ्याला कशाने काय झाले, ते कधीच कळत नाही. इम्पेलर काढताना योग्य ते हत्यार वापरावे. पाइपपान्याने ओढाताण करून पाती वाकविलेली उदाहरणे कमी नाहीत. बसविताना आट्यांना पाण्यात न सुटणारे ग्रीस लावायला विसरले, तर पुढच्या खेपेला तो निघणारच नाही.

इंजिनाची किंमत

पिचच्या निवडीत चुकलेल्याला केवळ शर्यत गमवावी लागते, असे नाही. जड पिचखाली कण्हत चालणारे टू-स्ट्रोक इंजिन आपल्या ताकदीच्या पट्ट्यात पोहोचतच नाही. पूर्ण थ्रॉटलवर ते तापते, ठोके मारू लागते आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडते. फार हलक्या पिचखाली ते निर्मात्याने ठरविलेल्या मर्यादेपलीकडे फिरते. तेथे कार्ब्युरेटरचे जेट अपुरे पडले, तर मिश्रणातले इंधन कमी पडते. टू-स्ट्रोकमध्ये इंधनाबरोबरच ऑइल येत असल्याने वंगणही कमी पडते आणि पिस्टन सिलिंडरला चिकटतो. म्हणून इम्पेलर बदलल्यावर कार्ब्युरेटरची जुळणी पुन्हा तपासणे आणि स्पार्क प्लगचा रंग पाहणे हा त्याच कामाचा भाग आहे. नव्या फोर-स्ट्रोक इंजिनांना इलेक्ट्रॉनिक मर्यादक असतो. तो इंजिन वाचवतो. पण हलका इम्पेलर बसविल्यास वाहन सतत त्या मर्यादेवर आदळत राहते आणि मिळविलेली झेप तेथे वाया जाते.

जिवाचा प्रश्न त्याहून मोठा आहे. जेट स्कीला सुकाणू नसते. मागचा झोत डावीकडे-उजवीकडे वळवूनच ती वळते. झोत नाही, तर वळण नाही. समोर कोणी आले म्हणून घाबरून थ्रॉटल सोडणारा नवखा सरळ त्याच्यावर जाऊन आदळतो, तो यामुळे. उभ्या यंत्रावर शरीराच्या झुकावाची थोडी मदत होते, एवढेच. हवा धरणारा पंप ऐन वळणावर झोत गमावतो, म्हणजे तो ऐन वळणावर दिशाही गमावतो. पंपाची पकड हा म्हणूनच केवळ वेगाचा विषय नाही. जोरदार झोताच्या तोंडाशी, मागे पाण्यात पडलेल्याच्या शरीराच्या नाजूक भागांना गंभीर अंतर्गत इजा झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. म्हणूनच वाहनावरील इशाऱ्यात जाड वेटसूटची विजार घालण्याची सूचना असते. सेकंदाला सव्वाशे लिटर हा आकडा तेथे आठवावा. मनगटाला बांधायची इंजिनबंद दोरी, लाइफ जॅकेट आणि ही विजार यांवर खर्च न करता स्पर्धेचा पंप घेणाऱ्याला कोणत्याही दुकानदाराने तो विकू नये, असे आमचे मत आहे.

ॲरिझोनातील लेक हवासू सिटी येथे कित्येक दशके या खेळाच्या जागतिक अंतिम स्पर्धा भरत आल्या आहेत. ज्या कोलोरॅडो नदीवर हॅमिल्टन यांच्या होड्या प्रवाहाविरुद्ध चढल्या, तिच्याच धरणाच्या पाण्यावर त्या होतात. थायलंडमधील पट्टायाजवळच्या किनाऱ्यावरही मोठ्या स्पर्धा होतात, आणि सहलीला गेलेल्या मराठी मंडळींना त्या पाहण्याची संधी मिळू शकते. तेथे गेल्यास शर्यतीपूर्वी वाहने ठेवलेल्या मंडपात जरूर डोकवावे. यंत्रे कुशीवर पाडून ठेवलेली असतात, तळातील झडपा उघड्या असतात आणि गुडघे टेकून बसलेला कारागीर विजेरीच्या उजेडात, फीलर गेजची पातळ पट्टी पात्याच्या टोकाशी सरकवत असतो.